टीओडी वीजदर: कोणता भार हलवायचा, कोणत्या तासात, आणि कशाला हात लावायचा नाही

वीजबिल कमी करायचं म्हटलं की पहिली सूचना येते ती युनिट वाचवण्याची. दिवे बदला, जुनी मोटर काढा, गळती शोधा. ते करावंच. पण आता बिलात घड्याळही बोलू लागलं आहे. दुपारी दोनला वापरलेल्या युनिटचा दर वेगळा आणि संध्याकाळी सातला वापरलेल्या युनिटचा वेगळा. याला टाइम ऑफ डे, म्हणजेच टीओडी दर म्हणतात. एकही युनिट न वाचवता यात पैसे वाचू शकतात. आणि नीट हिशेब न करता भार, म्हणजे यंत्रांचा वीजवापर, दुसऱ्या तासांत हलवला तर बिल वाढूही शकतं. या दुसऱ्या शक्यतेबद्दल फारसं कोणी सांगत नाही, म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

लेख मुख्यतः एमआयडीसीतले छोटे-मध्यम कारखानदार, शीतगृहवाले आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी यांच्यासाठी आहे. घरगुती ग्राहकांसाठीचा भाग मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे, कारण तिथे रक्कमच लहान आहे.

आधी हे समजून घ्या: स्वस्त तास बदलले आहेत

महाराष्ट्रातल्या उच्चदाब औद्योगिक ग्राहकांना टीओडी नवा नाही. वर्षानुवर्षं रचना अशी होती: रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे १ रुपया ५० पैसे सवलत, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा आणि उरलेल्या वेळेत मूळ दर. कारण उघड होतं. कोळशावरचे संच रात्री बंद करून सकाळी पुन्हा पेटवता येत नाहीत, ते किमान भारावर चालवत ठेवावे लागतात. रात्री मागणी पडते, तेव्हा ही वीज कोणीतरी उचलावी म्हणून सवलत. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि जालन्याच्या स्टील भट्ट्यांनी रात्रपाळीचं अख्खं गणित या दीड रुपयावर बसवलं होतं.

मग सौरऊर्जा आली. आता भरदुपारी वीज मुबलक असते. सूर्य कलला की तीच वीज तासा-दोन तासांत नाहीशी होते, आणि नेमकी त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात. वीज एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग पाडून भाव ठरतात. तिथे दुपारचे भाव घसरलेले आणि संध्याकाळचे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकलेले, असं चित्र कडक उन्हाळ्यात दिसतं. संध्याकाळची ही खिंड लढवायला राज्याकडे कोयनेचा १,९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. पण पश्चिमेकडे सोडून वीज करायच्या पाण्याला पाणीवाटप लवादाची वार्षिक मर्यादा आहे, त्यामुळे ते पाणी जपूनच वापरावं लागतं. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. टीओडी दर ग्राहकाकडून जवळपास हेच काम करून घेऊ पाहतो, फक्त धरण न बांधता.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॉटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती वगळता बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून टीओडी लागू करायचा होता. स्मार्ट मीटर बसला की तो तेव्हापासूनच. सौर तासांत दर मूळ दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, कमाल मागणीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान २० टक्के आणि इतरांना किमान १० टक्के जास्त असावा, ही त्यातली चौकट. प्रत्यक्ष तास आणि दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो.

महाराष्ट्राच्या आयोगाने २०२५ मध्ये महावितरणसाठी घड्याळ फिरवलं. सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आली, अधिभार संध्याकाळी ५ ते मध्यरात्री १२ पर्यंत गेला आणि रात्रीची जुनी सवलत रद्द झाली. ज्यांनी रात्रपाळीवर धंदा उभा केला त्यांची ओरड झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. भट्टी हलवणं म्हणजे माणसं, वाहनं, कच्चा माल सगळंच हलवणं. एका आदेशाने ते होत नाही. पुढे स्थगिती, पुनर्विलोकन, न्यायालय असं सगळं झालं. तेव्हा दर कुठल्याही लेखातून उचलू नका, याही नाही. शेवटच्या बिलावर छापलेला आकडा तोच खरा. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचे ग्राहक असाल तर तुमचा दर-आदेश वेगळा, हेही लक्षात ठेवा.

पायरी १: बिलातले तीन वेगळे पैसे वेगळे काढा

बिल समोर घ्या आणि तीन रकमा वेगळ्या लिहा. पहिली वीज आकार, म्हणजे युनिटचे पैसे. टीओडीची सवलत-अधिभार यावरच लागतो. दुसरी मागणी आकार, म्हणजे तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती केव्हीए (एका वेळच्या मागणीचं माप) खेचले त्याचे पैसे. तिसरी वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क वगैरे. इंधन समायोजन दर महिन्याला खाली-वर होतं, म्हणून दोन महिन्यांच्या बिलांची एकूण रक्कम शेजारी ठेवून "वाचले" किंवा "वाढले" म्हणण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर टीओडीचा तक्ता शोधा. प्रत्येक कप्प्यात, म्हणजे दिवसाच्या प्रत्येक दर-वेळेत, किती युनिट गेले ते तिथे असतं. सगळ्या कप्प्यांतली सवलत आणि अधिभार यांची बेरीज करा आणि एकूण युनिटने भागा. जो आकडा येईल, समजा उणे १२ पैसे किंवा अधिक ४० पैसे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढची सगळी धडपड या एका आकड्यासाठी आहे. उत्पादन कमी-जास्त झालं तरी हा आकडा फारसा फसवत नाही.

उच्चदाब ग्राहकांचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे केव्हीए गुणिले तास या मापावर येतं. म्हणजे पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेतलं प्रत्यक्ष कामी येणारं प्रमाण) ढिला असेल तर प्रत्येक कप्प्यात युनिटच जास्त मोजले जातात. तो सुधारणारं कपॅसिटर पॅनल मेलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा, भार नंतर हलवा.

पायरी २: अर्ध्या-अर्ध्या तासाचा आलेख मिळवा

मासिक बिलावरून निर्णय घेऊ नका. मीटरमध्ये लोड सर्व्हे, म्हणजे वेळेनुसार वापराची नोंद, साठलेला असतो. उच्चदाब ग्राहकांना एमआरआय रिपोर्ट, म्हणजे मीटरमधून उतरवलेल्या या नोंदी, मागता येतो, स्मार्ट मीटरवाल्यांना बराच तपशील ॲपवर दिसतो. हे काहीच हाती येत नसेल तर मुख्य पॅनलच्या मीटरचे आकडे एखाद्या शहाण्या ऑपरेटरकडून आठवडाभर दर अर्ध्या तासाला लिहून घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण चालतं.

अर्धा तासच का? कारण कमाल मागणी, आपण जिला एमडी म्हणतो, ती क्षणाची नसते. कोणत्याही ३० मिनिटांच्या खंडातले युनिट दुप्पट करून ती निघते. मोटर सुरू होताना अँमीटरचा काटा उसळला म्हणून एमडी उसळत नाही. उलट सगळी यंत्रं पंधरा-वीस मिनिटं निवांत एकत्र चालली तर चढते.

आलेखावर दोन गोष्टींना खूण करा: महिन्यातले सगळ्यात उंच दहा खंड, आणि अधिभाराच्या तासांत भार कुठे विनाकारण उंच आहे ते. पाळी संपल्यावरही कॉम्प्रेसर फुसफुसत राहिलेला बहुतेक कारखान्यांत सापडतो. संध्याकाळी हवेची गळती भरून काढायला तो महागड्या दराने चालतो. तिथे हलवायचं काही नाही, व्हॉल्व्ह बंद करायचा.

पायरी ३: काय थांबू शकतं ते यंत्रागणिक विचारा

प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न: याचं काम आधी करून साठवता येतं का?

पाणी साठतं. थंडी साठते, पण मर्यादेत. उष्णता थोडी साठते. प्लास्टिकच्या कारखान्यात रनर (साच्याच्या वाहिनीत उरलेलं प्लास्टिक) आणि रिजेक्ट माल दळणारा ग्राइंडर दिवसभराचा माल कधीही दळू शकतो. फोर्कलिफ्टची बॅटरी दुपारी चार्ज होऊ शकते. पण इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन मधेच थांबवलं तर बॅरलमध्ये माल जळतो आणि पुन्हा सुरू करताना शुद्धीसाठी किलोंनी माल वाया जातो. त्याला हात लावू नका. तीच गोष्ट सीएनसीच्या अर्धवट जॉबची.

शीतगृहांत फरक नीट ओळखा. नाशिककडच्या द्राक्षाच्या प्रीकूलिंगला थांबायची सोय नाही. माल तोडला की लवकरात लवकर थंड व्हायला हवा, वेळ बागेवरून ठरते, वीजदरावरून नाही. तासगाव-सांगलीकडचं बेदाण्याचं शीतगृह मात्र वेगळं. आत टनावारी माल आधीच थंड आहे, त्याचं वस्तुमान हीच बॅटरी. दुपारी सेट पॉइंट, म्हणजे ठरवलेलं तापमान, एखादा अंश खाली नेऊन खोल्या थंड करून ठेवल्या आणि संध्याकाळी कॉम्प्रेसर कमी चालवले, तर मालाला फारसं कळतही नाही. अट इतकीच की संध्याकाळी दारं सारखी उघडायची नाहीत. माल भरायची-काढायची वेळ न बदलता फक्त सेट पॉइंट बदलणारे निराश होतात ते यामुळेच. शिवाय बाहेर ऊन तापलेलं असताना उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे दुपारी तेवढ्याच थंडीला रात्रीपेक्षा थोडे जास्त युनिट जातात. सवलतीतून ते वजा करून मगच फायदा मोजा.

पायरी ४: मागणी आकाराचा सापळा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून आकड्यांनिशी पाहू. दर समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा तुमची करार मागणी, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेली कमाल मर्यादा, २०० केव्हीए. नेहमीची कमाल मागणी १७०, तीही दिवसपाळीतच. सरासरी ५० केव्हीए खेचणारी एक भट्टी संध्याकाळी ६ ते १० चालते, महिन्याला २६ दिवस. म्हणजे महिन्याचे ५,२०० युनिट. मूळ दर ८ रुपये, संध्याकाळी २० टक्के जास्त म्हणून ९.६०, दुपारी २० टक्के कमी म्हणून ६.४०. भट्टी दुपारी आणली तर युनिटमागे ३.२० वाचतात. ५,२०० गुणिले ३.२०, म्हणजे १६,६४० रुपये. बरे वाटतात.

आता मागणी. दुपारी १७० अधिक ५० म्हणजे २२०. मागणी आकार ५०० रुपये प्रति केव्हीए धरू. आधी १७० चे पैसे लागायचे, आता २०० चे लागणार, म्हणजे १५,००० जादा. वरचे २० केव्हीए कराराबाहेरचे. त्यांना दीडपट, म्हणजे ७५० रुपयांनी, आणखी १५,०००. एकूण ३०,००० जादा. वाचले १६,६४०, गेले ३०,०००. महिन्याला १३,३६० रुपयांचा खड्डा. मागणी याहून उंच उसळली तर उच्चदाब ग्राहकाला तिचा भार पुढच्या महिन्यांतही जाणवू शकतो, कारण बिलाची मागणी ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीचे ७५ टक्केही पाहण्याचा नियम चालत आला आहे.

मग काय करायचं? तीच भट्टी रात्री १२ नंतर नेली तर सवलत नाही, पण अधिभारही नाही. युनिटमागे १.६० वाचतात, महिन्याला ८,३२० रुपये, आणि दिवसाच्या एमडीला धक्का लागत नाही. आकडा निम्मा, पण खरा. जुन्या आदेशांत तर रात्री १० ते ६ ची कमाल मागणी बिलासाठी धरतच नसत. तुमच्या चालू आदेशात ती वेळ कोणती ते नक्की पाहा, कारण करार मागणीच्या आत राहून कधी जास्त खेचता येईल याचं उत्तर त्या एका वाक्यात असतं. मात्र रात्रपाळीचा भत्ता, माणसांची ने-आण आणि सुपरवायझर यांचा खर्च ८,३२० च्या पुढे जात असेल तर भट्टी आहे तिथेच राहू द्या.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो, कारण तो पूर्ण हलवण्याच्या भानगडीत पडत नाही. भट्टी तापताना पूर्ण भार घेते, तापमान धरून ठेवताना बराच कमी. मग तापवणं सकाळी साडेसात ते नऊ मूळ दराने उरकायचं, तेव्हा कारखाना अर्धवटच सुरू असतो. नऊनंतर धरून ठेवण्याचा भाग सवलतीच्या तासांत पडतो. जेवणाच्या सुट्टीत बाकी यंत्रं थांबतात, तो अर्धा-पाऊण तास ग्राइंडरला द्यायचा. कामगारांच्या सुट्ट्या एकाच वेळी ठेवायच्या की पाळीपाळीने, हा एमडीचाही प्रश्न आहे हे मालकांना पटायला वेळ लागतो.

एवढं सांभाळणं माणसांवर सोडायचं नसेल तर डिमांड कंट्रोलर मिळतो. चालू अर्ध्या तासाचा खंड हाताबाहेर जातोय असं दिसलं की तो ठरवलेल्या क्रमाने भार सोडतो. क्रम ठरवताना ऑफिसचा एसी सर्वांत आधी. साहेबांना थोडा घाम येईल.

पायरी ५: सोसायटीसाठी: पंप, टाइमर आणि वॉचमन

सोसायटीत हलवण्याजोगा मोठा भार दोनच ठिकाणी असतो: पाण्याचा पंप आणि गाड्यांचं चार्जिंग. लिफ्टला कोणी थांबवू शकत नाही.

साडेसात एचपीचा पंप प्रत्यक्षात साधारण साडेसहा किलोवॉट ओढतो. रोज चार तास चालला तर महिन्याला ७८० युनिट. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी महावितरणने जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते ५ मध्ये युनिटमागे ८० पैसे सवलत आणली. त्या दराने सगळं पंपिंग दुपारी नेलं तर महिन्याला ६२४ रुपये, वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास. फार नाही, पण टाइमरची किंमत काही महिन्यांत निघते.

अडचण पाण्याच्या वेळेची. पालिकेचं पाणी पहाटे येवो की संध्याकाळी, ते आधी खालच्या टाकीत पडतं. वर चढवायची वेळ तुमच्या हातात आहे, जर वरची टाकी दुपार ते दुसरी दुपार पुरत असेल तर. टाकी अर्ध्या दिवसाचीच असेल तर एक फेरी सकाळी ९ च्या पुढे आणि दुसरी संध्याकाळी ५ च्या आत, अशी बसवून पाहा. पहिल्या फेरीला सकाळचा वापर संपलेला असतो, दुसरी रात्रीसाठी.

जोडणी करताना टाइमर आणि फ्लोट स्विच (टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर चालणारा) एकामागे एक हवेत, म्हणजे वेळ झाली असेल *आणि* टाकी रिकामी असेल तरच पंप चालेल. खालच्या टाकीतला फ्लोटही त्यातच घ्या, नाहीतर पंप कोरडा चालेल. स्वस्त टाइमर घेऊ नका. बॅटरी बॅकअप नसलेलं घड्याळ वीज गेली की थांबतं. चार वेळा वीज गेली की तुमची दुपार पाचच्या पुढे सरकते आणि पंप सवलतीबाहेरच्या वेळेत चालू लागतो, कोणाच्या लक्षातही न येता. महिन्यातून एकदा टाइमरची वेळ मोबाइलशी जुळवायचं काम वॉचमनच्या वहीत लिहून ठेवा. आणि पॅनलवर एक बायपास स्विच द्या. गणपतीत पाहुण्यांनी घरं भरली आणि टाकी चारलाच संपली तर सेक्रेटरीला फोन न करता पाणी चढवता आलं पाहिजे.

चार्जिंगचं गणित अवघड आहे, कारण दुपारी गाडी ऑफिसात असते. संध्याकाळी सातला येऊन सगळ्यांनी एकदम प्लग लावला तर सोसायटीचा मंजूर भार ओलांडेल, दराचा प्रश्न त्यानंतरचा. रात्री १२ नंतर चार्जिंग सुरू होईल असं वेळापत्रक बहुतेक गाड्यांत किंवा चार्जरमध्ये लावता येतं. चार्जिंगसाठी वेगळा मीटर घेतला असेल तर त्याचे तास आणि दर वेगळे पाहा.

छतावर सोलर असेल तर

नेट मीटरिंग (छतावर बनलेली वीज बिलातल्या वापरातून वजा करण्याची पद्धत) आणि टीओडी एकत्र आले की मोजणी कप्प्यानुसार होते. दुपारी बनलेली वीज आधी दुपारच्याच वापरातून वजा होते. दुपारी उरलेलं युनिट संध्याकाळच्या महाग युनिटशी एकास एक जुळेल अशी आशा व्यावसायिक ग्राहकांनी तरी धरू नये. भार दुपारी आणण्याचा फायदा त्यामुळे सोलर असणाऱ्याला दुहेरी.

घरासाठी थोडक्यात

महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराने यापायी झोप उडवून घेऊ नये. वॉशिंग मशीनच्या एका फेरीला जेमतेम युनिटभर वीज लागते, वाचले तर ऐंशी पैसे. गिझरची वेळ बहुतेकांची नऊच्या आतच असते. दिवसा माणसं घरी असतील आणि एसी चालत असेल, घरून काम करत असाल, किंवा इन्व्हर्टरची मोठी बॅटरी असेल, तरच रक्कम दिसू लागते. इस्त्री, मिक्सर, वॉटर प्युरिफायर जमेल तसं दिवसा उरका, तेवढं पुरे.

पायरी ६: एक महिना चालवा, मग मोजा

सगळं एकदम हलवू नका. एक भार निवडा, बिलाच्या चक्राच्या पहिल्या दिवशी बदल करा आणि पुढच्या बिलात तीन आकडे पाहा: वहीच्या पहिल्या पानावरचा तो सरासरी टीओडी आकडा, एमडी, आणि एक किलो किंवा एक नग उत्पादनामागे गेलेले युनिट. पहिला घसरला, दुसरा हलला नाही आणि तिसरा वाढला नाही, तर बदल टिकवा. तिसरा वाढला असेल तर भट्टी रिकामी तापतेय किंवा शीतगृहाची दारं उघडी राहतायत, ते शोधा. वीज शुल्क टक्क्यांनी लागतं, त्यामुळे वाचलेल्या रकमेवर थोडी आणखी बचत आपोआप मिळते. ती हिशेबात नाही धरली तरी चालेल.

दरवर्षी दर बदलतात आणि सवलत उन्हाळ्या-हिवाळ्यात वेगळी असू शकते, म्हणून नवा दर लागू झाल्यावरचं पहिलं बिल आलं की पायरी १ आणि ४ पुन्हा करा. बाकीच्या पायऱ्या वर्षानुवर्षं टिकतात.

आणि एक काम औद्योगिक संघटनांनी करावं. दर ठरवण्याआधी आयोग जाहीर सुनावणी घेतो, लेखी हरकती मागवतो. तिथे "आम्हाला परवडत नाही" असं लिहिलेली निवेदनं ढिगाने येतात. वीस-पंचवीस सभासदांचे अर्ध्या तासांचे आलेख, कोणता भार हलू शकतो, कोणता नाही आणि हलवायला किती महिने लागतील, एवढं एका तक्त्यात मांडलेलं निवेदन क्वचितच येतं. आलेख तुमच्याकडे पायरी २ मध्ये तयार झालेलेच आहेत.